पाहुण्याचे मुद्दल

आपल्या सीमाभागात नव्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "गाव कुठलं?" आणि दुसरा, "राहायला कुठं?" दोहोंचे उत्तर एकच असेल असे आपण गृहीत धरत नाही. गाव म्हणजे जिथे कुलदैवत आहे, भाऊबंद आहेत, सातबाऱ्यावर की उताऱ्यावर आजोबांचे नाव आहे ते. राहायला म्हणजे जिथे पाण्याचे आणि विजेचे बिल आपल्या नावे येते ते. तिसरा प्रश्न सभ्यपणाला धरून नाही म्हणून कुणी विचारत नाही, पण मनात असतो: "पैसा कुठं गुंतवलाय?" या तीन उत्तरांचा एकमेकांशी काही नैतिक संबंध आहे का? जिथे आपण राहतो तिथे पैसा लावणे हा आपला हक्क आहे, की कर्तव्य, की कधी कधी तो शेजाऱ्यावरचा अन्यायही असतो? हा प्रश्न मला पडला तो बेळगावात नव्हे, तर फार लांब, पश्चिम जावातल्या एका लहानशा खेड्यात.

१९९४ साली मी सूतगिरणीतल्या नोकरीसाठी इंडोनेशियात गेलो आणि पुढची बारा वर्षे पुर्वाकार्ता या जिल्ह्याच्या गावाबाहेर काढली. हा भाग जाकार्तापासून साधारण शंभर किलोमीटरवर. जवळच चितारुम नदीवर जातिलुहूरचे प्रचंड धरण आहे. १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत ते बांधले गेले आणि उत्तरेकडच्या कारावांगच्या भातखाचरांना त्याचेच पाणी मिळते. या पाण्यावर पिकणारा भात आणि त्या भातावर चालून येणारे कारखाने, अशी दोन्ही दृश्ये एकाच खिडकीतून दिसत. जावा बेटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आणि २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पंधरा कोटींवर. तिथे जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला आम्ही कंपनीच्या वसाहतीत होतो. पुढे मुलगी झाली, वसाहतीच्या भिंतीआडच्या आयुष्याचा कंटाळा आला आणि आम्ही शहराला चिकटलेल्या एका खेड्यात वर्षाचे भाडे एकरकमी भरून घर घेतले. अर्धे गाव भाताचे, अर्धे गिरणीकामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या चाळींचे. या चाळींना तिथे 'कोन्त्राकान' म्हणतात. खाचर विकायचे आणि आलेल्या पैशात चार खोल्या बांधायच्या, ही त्या गावची सर्वमान्य गुंतवणूक होती.

घरात सुंदा भाषा आणि कचेरीत इंडोनेशियन, असा त्या लोकांचा दुभाषी संसार. आपल्याकडच्या माणसाला त्यात परके वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय शब्द ओळखीचे भेटत. खेड्याला 'देसा' म्हणतात, तो आपला देश. संपत्तीला 'हार्ता', तो आपला अर्थ. नफ्याला 'लाबा', म्हणजे लाभ. भांडवलाला 'मोडाल' म्हणतात. हा शब्द तमिळ 'मुदल'वरून आलेला मानतात, आणि कन्नड 'मोदलु' रोज कानावर पडणाऱ्या आपल्यासारख्यांना तो ऐकताच मुद्दल आठवल्याशिवाय राहत नाही. सर्वांत गोड शब्द 'सौदारा'. मूळ सहोदर. भाऊ-बहीण, नातलग आणि सभेतला समोरचा अनोळखी माणूस, सगळ्यांना तो चालतो. दुसऱ्याच्या दारासमोरून जाताना जरा वाकून 'पुंतेन' म्हणायचे, आतून 'मांग्गा' असे उत्तर यायचे. येऊ का, या. एवढ्याने रस्ता आपला होत असे.

जमीन मात्र आपली होत नसे. १९६० च्या तिथल्या मूलभूत जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकीचा अधिकार, 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला आहे. परदेशी रहिवाशाला मिळू शकतो तो वापराचा हक्क. १९९६ च्या नियमाने मुदतीच्या वापरहक्कावर घर घेण्याची वाट मोकळी झाली आणि २०१५ व २०२१ साली नियम आणखी सैल झाले. आता मुदतवाढीसह हा हक्क ८० वर्षांपर्यंत जाऊ शकतो. पण मालकी नाही ती नाहीच.

या नकाराला इतिहास आहे. डचांनी १८७० च्या कायद्याने मळेवाल्यांना ७५ वर्षांच्या पट्ट्याने सरकारी पडीक जमिनी मोकळ्या केल्या आणि १८७५ साली देशी माणसाची जमीन परक्याला विकण्यावर बंदी घातली. नेमक्या त्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी कर्जरोख्यांची होळी केली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. दोन बेटांइतके दूर असलेले दोन मुलूख, पण कोडे एकच: ज्याच्या हातात रोख पैसा आहे आणि ज्याच्या हातात फक्त जमीन आहे, त्या दोघांत 'राजीखुशीचा व्यवहार' म्हणजे नेमके काय?

हे कोडे माझ्यासमोर आले ते अगदी साध्या रूपात. आमच्या गल्लीतला एक मध्यमवयीन गृहस्थ गिरणीतच माझ्या हाताखाली होता. एके दिवशी तो म्हणाला, "पाक, खाचराचा तुकडा निघालाय. तुम्ही पैसे घाला, नाव माझं लावू. सगळेच असं करतात." असा व्यवहार तिथे फार जुना आहे. कागदोपत्री परदेशी माणूस स्थानिकाला कर्ज देतो, स्थानिक त्या पैशात जमीन घेतो आणि परदेशी माणसाला न बदलता येणारे मुखत्यारपत्र लिहून देतो. आपण याला बेनामी म्हणतो. कायद्याने असा व्यवहार रद्दबातल आहे आणि जमीन सरकारजमा होते. पण कायद्याची भीती घटकाभर बाजूला ठेवू. पकडले जाणार नाही असे धरून चालू. मग त्यात वाईट काय? त्याला दलाली मिळणार, मला जमीन, विकणाऱ्याला रोकड. तिघेही राजी.

मी नाही म्हटले, आणि का म्हटले याचा विचार मात्र पुढे बरीच वर्षे करत राहिलो. मला सुचलेले पहिले कारण असे, की ज्याचा पगार माझ्या शेऱ्यावर अवलंबून आहे त्याची संमती ही पूर्ण संमती नसते. दुसरे कारण याहून खोल आहे. त्या कागदांमुळे आमचे नाते उलटेपालटे झाले असते. आज तो माझा शेजारी होता. सही केल्यावर तो कागदावर माझा ऋणको झाला असता आणि जगाच्या दृष्टीने माझ्या जमिनीचा मालक. मी त्याच्या प्रामाणिकपणावर रोज मनातल्या मनात व्याज मोजत बसलो असतो आणि त्याला रोज एक मोह परतवावा लागला असता. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे चांगले, पण त्याचा विश्वासूपणा तारण म्हणून लिहून घेणे म्हणजे मैत्रीचे गहाणखत करणे.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण दुसरा प्रसंग इतका सोपा नव्हता. गल्लीतल्या एका विधवा बाईंना मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते आणि त्यांच्याजवळ एक लहान खाचर होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे खाचर 'गाडाई' टाकतात, म्हणजे आपल्याकडचे ताबेगहाण. पैसे देणारा पीक घेत राहतो आणि मुद्दल परत मिळाले की जमीन सोडतो. १९६० सालच्याच एका कायद्याने असे ठरवले आहे, की सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ताबा भोगला असेल तर मुद्दल न मागता जमीन परत करावी, कारण इतक्या पिकांत ते फिटलेलेच असते. कायदा शहाणा आहे. पण गरजू माणूस पैसे देणाऱ्याला कलम वाचून दाखवत नाही.

मी कायद्याने गाडाई घेऊ शकत नव्हतो, घ्यायची इच्छाही नव्हती. पण मी हात झटकून मोकळा होणे म्हणजे तरी काय? ती जमीन बांडुंगच्या नाहीतर जाकार्ताच्या कुणा पैसेवाल्याकडे गेली असती. माझे हात स्वच्छ राहिले असते आणि बाईंचे खाचर गेले असते. मग मी म्हटले, तारण न घेता पैसे देतो. आमचे 'पाक एर-ते', म्हणजे गल्लीचे निवडलेले प्रमुख, यावर हसले. (ही गल्लीप्रमुखाची व्यवस्था जपानी अंमलातली, माणसे गेली, पद राहिले.) म्हणाले, "पाक, जमीन गहाण ठेवली तर ती व्यवहार करणारी बाई असते. तुम्ही नुसते पैसे दिलेत तर ती तुमच्या दारात उभी राहिलेली बाई होते. उद्या तुमच्या दारावरून जाताना ती 'पुंतेन' कशी म्हणेल?"

दानात देणाऱ्याचे काय होते यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, घेणाऱ्याचे काय होते यावर त्या मानाने थोडे. त्या माणसाने मला एका वाक्यात ते सांगितले. मार्गही त्यांनीच काढला. गल्लीत 'आरिसान' चाले. आरिसान म्हणजे आपली भिशी. दरमहा सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, ज्याचे नाव निघेल त्याने गठ्ठा न्यायचा, व्याज नाही. पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा दोन भिश्यांत आमच्या घरचे दोन हप्ते होते. बाईंना पहिली पाळी द्यायची आणि आम्ही व आणखी दोन घरांनी शेवटच्या पाळ्या घ्यायच्या, असे ठरले. कुणी कुणाला काही दिले नाही. पाळ्या बदलल्या, इतकेच. पण अर्थशास्त्र शिकलेला कुणीही सांगेल, की भिशीत पहिली पाळी म्हणजे बिनव्याजी कर्ज आणि शेवटची पाळी म्हणजे बिनव्याजी ठेव. ती ठेव ही माझी त्या गावातली पहिली खरी गुंतवणूक. तिचा लाभ म्हणजे दर महिन्याला तिथे हजर राहण्याचे बंधन.

मग १९९७ उजाडले. वर्षाच्या मध्याला डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मोजावे लागत, १९९८ च्या पूर्वार्धात हा भाव १५ हजारांच्या पलीकडे गेला. काही गिरण्या थांबल्या, खोल्यांच्या चाळी ओस पडल्या. आणि ज्यांच्या पगाराचा काही भाग डॉलरमध्ये होता ते आम्ही परदेशी लोक काही न करता श्रीमंत झालो. खाचरे, मोटारसायकली, दागिने, सगळे विकायला निघाले. "हीच वेळ आहे," असे वसाहतीतले काही जण म्हणत. बाजाराच्या नियमाने ते बरोबरच होते. विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवेच असते, आणि गिऱ्हाईकच नसेल तर त्याची आणखी वाट लागते. पण आपत्तीत शेजाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूची किंमत देऊन झाली तरी काहीतरी देणे उरते, ही भावना मला टाळता येईना. तिला तर्काचा आधार आहे का? मला वाटते, आहे. व्यवहारातला भाव तेव्हाच न्याय्य, जेव्हा दोघेही 'नको' म्हणू शकतात. एकजण 'नको' म्हणू शकतो आणि दुसऱ्याच्या घरी चूल आहे, तिथे बाजारभाव हा केवळ एक आकडा असतो.

त्या दिवसांत गावात रात्रीची 'रोंडा' वाढवली होती. आपल्या जुन्या मराठीतल्या 'रोंदे'ची ही बहीण. प्रत्येक घरातून आळीपाळीने एक माणूस, पोकळ लाकडाचा 'केन्तोंगान' वाजवत गस्त. माझेही नाव यादीत होते. पहाटे तीन वाजता ओल्या बांधावरून चालताना मला वाटले, की माझी या गावातली सुरक्षितता घरमालकाच्या पावतीवर नाही, व्हिशावरही नाही. ती या यादीतल्या माझ्या नावावर आहे.

हे लिहायला छान वाटते. पण मे १९९८ मध्ये जाकार्तात जे झाले ते आठवले की हात थांबतो. चिनी वंशाच्या लोकांची घरे-दुकाने जाळली गेली. ही माणसे पाहुणी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली, तिथलीच भाषा बोलणारी. त्याआधी १९५९ साली सरकारने परदेशी नागरिकांना खेड्यांत किरकोळ व्यापार करण्यास बंदी घातली. तीही मुख्यतः चिनी दुकानदारांवरच होती, आणि पश्चिम जावात लष्कराने त्यांना खेड्यांतून उठवले. १९६० साली लाखाच्या आसपास लोक बोटीने चीनला गेले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. त्यांनी गल्लीत गस्त घातली नसेल का? कुणाला उधारीवर तांदूळ दिला नसेल का?

म्हणजे आपलेपण केवळ येणाऱ्याच्या वागणुकीवर ठरत नाही. ते देणाऱ्याच्या हातातही असते, आणि तो ते एका रात्रीत काढून घेऊ शकतो. दुभाषी जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आणि इथेच खरी अडचण आहे. पैसेवाल्या परक्यापासून खेडुताला वाचवणारा कायदा आणि वसलेल्या दुकानदाराला हाकलणारा कायदा, दोन्ही 'आपले गाव आपल्या माणसांसाठी' याच वाक्याने सुरू होतात. पहिला न्याय्य वाटतो, दुसरा अन्याय. दोहोंत फरक कुठे करायचा?

याचे उत्तर मला तिथल्याच एका फारशा न पाळल्या जाणाऱ्या नियमात सापडले. १९६१ च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्या तालुक्याबाहेर राहत असेल, तर त्याने सहा महिन्यांत तिथे राहायला यावे किंवा जमीन तिथल्या माणसाला द्यावी. सरकारी नोकरांसारखे काही अपवाद आहेत. १९६० चा मूळ कायदाही म्हणतो, की शेतजमिनीच्या धन्याने ती स्वतः कसावी आणि जमिनीवरच्या प्रत्येक हक्काला सामाजिक कर्तव्य जोडलेले आहे. हा नियम माणसाचे रक्त विचारत नाही. तो विचारतो, तू राहतोस का, तू कसतोस का? १९५९ चा नियम उलटा होता. तो राहणाऱ्यालाच विचारत होता, की तू कुणाच्या पोटी जन्मलास? माझ्या मते गावाला आपले रक्षण करण्याचा हक्क आहे, पण तो गैरहजर पैशापासून, हजर माणसापासून नव्हे.

हजर असण्याला इतके मोल का द्यायचे? भावनेपोटी नव्हे. जो राहतो तो तोट्यातही वाटेकरी असतो. शेजारच्या चाळीचे सांडपाणी कालव्यात गेले तर त्याच्याच मुलाला ताप येतो. दूरच्या पैशाला लाभ पोचतो, ताप पोचत नाही. इंडोनेशियन भाषेत नफ्याला 'उंतुंग' असाही शब्द आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ नशीब. सायकलवरून पडलेला माणूस म्हणतो, "उंतुंग, फक्त गुडघाच फुटला!" अगदी आपल्यासारखे. नफ्यात नशिबाचा वाटा असतो, हे त्या भाषेला ठाऊक आहे. आणि नशिबाचा वाटा ज्याला मिळाला त्याने दुर्दैवाच्या वाट्यालाही उभे राहावे, हे त्यातून आपोआप निघते. अर्धेलीने शेत लावणारा धनी पीक बुडाले की निम्मा बुडतो. खंडाने लावणारा बुडत नाही. माझ्या दृष्टीने गुंतवणुकीची नैतिक कसोटी हीच: साल वाईट गेले तर मी कुणाबरोबर बुडतो?

२००५ साली जाकार्ता-बांडुंग द्रुतगती मार्ग आमच्या गावाजवळून पूर्ण झाला आणि शनिवारी-रविवारी जाकार्ताच्या नंबरच्या गाड्या बांधांवर दिसू लागल्या. ही माणसे पक्की इंडोनेशियन नागरिक, मालकीचा कागद त्यांना मिळू शकत होता. मी तिथे राहत होतो पण घेऊ शकत नव्हतो, ते घेऊ शकत होते पण राहत नव्हते. त्या वर्षी आमच्या गल्लीतली तीन खाचरे भरली गेली. २००९ साली तिथे सुपीक शेतजमीन राखण्याचा कायदा झाला आणि २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून जाकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे धावू लागली. कायदा आणि रूळ यांत कोण पुढे धावते हे वाचकांनीच ठरवावे.

हा सगळा जावाचा पुराणा मी इथे का सांगितला? कारण परत आल्यावर पाहतो तो आपली अवस्था त्या शनिवार-रविवारच्या गाड्यांसारखी होऊ लागली आहे. १ मार्च १९७४ ला देवराज अर्सांच्या काळातली कूळ-सुधारणा लागू झाली तेव्हा कसणाऱ्याला जमीन मिळाली, आणि त्याची नातवंडे आज पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात आहेत. २०२० साली कर्नाटकाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरचे निर्बंध उठवले. गोव्यात दिल्ली-मुंबईचा पैसा घरे घेतो आणि वर्षातले अकरा महिने ती कुलूपबंद असतात. हलगा-मच्छे बायपासच्या निमित्ताने आपल्या शिवाराची चर्चा झाली, तेव्हा आपण सरकारला प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवेत. पण त्याच शिवारात आपलाही प्लॉट असतो, आणि तिथे आपण शेवटचे कधी गेलो हे आठवत नाही.

मी कुणाला जमीन घेऊ नका, विकू नका असे सांगणार नाही. पैसा कुठेतरी लागणारच, आणि भाषेच्या नावाखाली येणाऱ्याला दार बंद करणे हे तर आपल्या तोंडी शोभणारच नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की भाषा, जात, जन्मगाव यांवरून आपला-परका ठरवण्याऐवजी त्या ठिकाणच्या वाईट सालात कोण हजर असतो, हे पाहावे. तो सुंदा असो, कानडी असो, मराठी असो, मारवाडी असो. आणि हा हिशेब मांडताना पहिली ओळ स्वतःच्या नावाची लिहावी. आपण जिथे पैसा लावला आहे, तिथल्या गस्तीच्या यादीत आपले नाव आहे काय?